रिबकाआत्याची सही

आमच्या वस्तीवर नाताळ दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी यायचा. हसू नका, खरंच! सगळ्या जगाचा डिसेंबरच्या थंडीत आणि आमचा ऑक्टोबरच्या उन्हात, कपाळावरून घाम गळतोय आणि आम्ही करंज्या खातोय. हे सगळं रिबकाआत्यामुळं.

शिरूर कासारवरून जीपनं अर्धा तास आत गेलं की आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला बाभळी आहेत, तिथं आम्हा ख्रिस्ती लोकांची चौदा घरं आणि पत्र्याचं एक चर्च. चौदातली दहा घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात, ती थेट उन्हाळ्यात परत. म्हणजे पंचवीस डिसेंबरला वस्तीवर कोण? म्हातारी माणसं, कुत्री आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं. मी लहान होते तेव्हा नाताळच्या उपासनेला सात माणसं असायची, त्यातली दोन झोपलेली.

एका वर्षी रिबकाआत्या उपासना संपल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "औंदा नाताळ जायच्या आधी करायचा."

पाळकसाहेब बीडहून महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर यायचे. ते चष्मा पुसत म्हणाले, "रिबकाबाई, असं कसं? तारीख ठरलेली असते ना."

"तारीख तुमच्या क्यालेंडरात हाय, साहेब. त्या टायमाला आमी फडात उसाच्या पाचटात बसलेलो असतो. लेकरांनी काय आईबापाबिगर सण करायचा?"

"पण प्रभूचा जन्म..."

"प्रभू यील की! त्याला कुटं पंचांग बघावं लागतंय? जन्मला तवा बी त्याला कुणी जागा धरून ठिवली न्हवती."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. विषय संपला. तेव्हापासून आमच्याकडं चौथ्या दिवशी नाताळ आणि पाचव्या दिवशी टोळी न्यायला ट्रॅक्टर. पोरं तोंडाला करंजीचा चुरा लागलेला असतानाच आईबापांना टाटा करायची. आत्या ट्रॉलीत सगळ्यात वर, भांड्यांच्या पोत्यावर बसायची आणि गाव संपेपर्यंत मोठ्यानं गाणं म्हणायची. गाणारी ती एकटीच, बाकी सगळे रडत असायचे.

ती माझ्या पप्पांची चुलत बहीण. ठेंगणी, काटक, चालायला लागली की आम्ही पोरं मागं पळायचो. मिसरी लावायची. पाळकसाहेबांची मोटारसायकल दुरून ऐकू आली की घाईघाईनं चूळ भरायची. मी एकदा विचारलं, "आत्या, देवाला तर दिसतंच ना?" तर म्हणाली, "देवाला ठावंच हाय गं. पाळकाला कावून त्रास द्यायचा?"

आणि प्रार्थना! आमच्या सगळ्यांचे डोळे मिटलेले, हिचे उघडे. एकदा दाविदमामानं तिला झापलं. दाविदमामा म्हणजे तिचा थोरला भाऊ, नात्यानं माझा काकाच, पण तिच्या मुलाचं ऐकून आम्ही सगळी पोरं त्याला मामा म्हणायचो. सुतार, मंडळीतला सगळ्यात कडक माणूस. उपास, प्रार्थना, सगळं नेमानं. तो म्हणाला, "रिबका, डोळं मिटत जा. रीत हाय ती."

"दादा, मी माझ्या बापाशी कधी डोळं झाकून बोलले का? मंग ह्या बापाशी कावून झाकू?"

तिची प्रार्थना ऐकली तर वाटावं की फोनवर बोलतेय. मध्येच थांबायची, समोरचा काय म्हणतोय ते ऐकल्यासारखी. मध्येच आवाज चढायचा. "न्हाई न्हाई, ते मला पटलं न्हाई," असंपण म्हणायची. आम्हाला चर्चमध्ये हसू फुटायचं आणि दाविदमामा मागं वळून डोळे वटारायचा. म्हणजे त्याचेपण डोळे उघडेच की!

कुणी काळजीत दिसलं की तिचं एक ठरलेलं होतं. "काळजी करायची आसंल तर चूल पेटवून कर बाई. तेवढीच भाकर हुईल." मम्मी अजून म्हणते, मी आजारी असले की ती हेच आठवून पीठ मळायला घेते.

मला वाटायचं हिला दुःख म्हणजे काय ते माहीतच नसेल. मग शांतवनकाका गेले. तिचा नवरा. फडातच ताप आला, चार दिवसांत माणूस संपला. आत्यानं त्यांना गावी आणलं, पुरलं, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसलेली. गाणं सुरू झालं. आम्ही सगळे तिच्याकडं बघतोय, ही गाते का नाही. तिनं पहिलं कडवं सोडलं. दुसरं पण सोडलं. तिसऱ्याला तिचा आवाज आला, आणि एकदा आला तो मग पेटीच्याही वर गेला.

पण ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्या बाईला टोळीत कुणी घेत नाही. तेव्हा प्रकाश, तिचा एकुलता एक मुलगा, अकरावी सायन्सला होता. त्यानं पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठेवली, पेटीवर गोधडी टाकली आणि आईबरोबर निघाला. आत्या मम्मीला म्हणाली, "वहिनी, माझा भरवसा देवावर हाय. पण कोयत्याला दुसरा माणूस लागतो." हे सांगताना तिनं पहिल्यांदाच खाली बघितलं. मला तेव्हा कळलं नाही, पण ती गोष्ट तिच्या आत काट्यासारखी जाऊन बसली होती.

फडातला एक किस्सा प्रकाशनं सांगितलेला आहे, तो सांगतेच. दर रविवारी सकाळी आत्या कोयता हातात घ्यायची नाही. दोन कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, मध्ये साडी बांधायची, त्या सावलीत उपासना. मुकादम तणतणत आला. "ए बाय, कारखाना तुज्या देवासाठी थांबत न्हाई."

"मुकादम, देव बी तुमच्या कारखान्यासाठी थांबत न्हाई. बसा. एकच गाणं ऱ्हायलंय."

मुकादम बसला नाही, पण गेलापण नाही. उभ्या उभ्या ऐकलं. मग आत्यानं पदर खोचला आणि दुपारपर्यंत सगळ्या टोळीच्या पुढं तोडणीची पात धरली. प्रकाश म्हणायचा, "मी मोळ्या बांधून बांधून मेलो, ही बाई मागं वळून बघंना." पुढच्या रविवारी मुकादमच विचारायला आला, "बाय, आज कधी हाय तुमचं?" आणि येताना त्यानं ट्रॅक्टरवाल्या सलीमभाईलापण आणला, गाणं ऐकायला.

आता जे सांगायचंय ते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पप्पांना फोन आला. प्रकाश मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होता. ट्रॉली मागं सरकली, फळी निसटली, आणि त्याचा उजवा पाय चाकाखाली गेला. तिकडं कोल्हापूरच्या बाजूला एका दवाखान्यात होता. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेले. पप्पा म्हणाले, "तू चल. तुला डॉक्टरांची भाषा कळती." आमच्याबरोबर दाविदमामा आला. अख्ख्या प्रवासात त्यानं पाण्याचा थेंब घेतला नाही. उपास धरला होता भाच्यासाठी.

आम्ही पोचलो तेव्हा प्रकाश तापानं भ्रमात होता. आत्या कॉटजवळ फरशीवर बसलेली, अंगावर अजून फडातलेच कपडे, केसांत पाचटाचा तुकडा. मला बघून म्हणाली, "आलीस? बघ गं, ह्ये काय म्हणत्यात." मी कागद बघितले, पाय बघितला. वासावरूनच कळत होतं.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. म्हणाले, "मावशी, पायात विष पसरतंय. गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल. आजच. पेशंट शुद्धीत नाही, त्यामुळं सही तुम्हाला करायची आहे. संध्याकाळपर्यंत थांबलो तर मुलगा राहील याची मी खात्री देत नाही."

डॉक्टर गेले आणि दाविदमामा पुढं झाला. त्यानं गावी फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडं चर्चमध्ये वस्तीवर मागं राहिलेली सगळी मंडळी जमलेली, त्यांचा आवाज येत होता, रडत होते, आळवत होते. आणि दाविदमामा आत्याचे दोन्ही खांदे धरून म्हणाला, "रिबका, सही करू नगंस. तीन दिवसांचा उपास धरलाय आमी. पाय बरा हुईल. देव करील."

"आन् न्हाई केला तर?"

"आसं बोलायचंच न्हाई! तू सही केलीस म्हंजी तुजा भरवसा सुटला. तुज्या भरवशावर लेकरू वाचणार हाय."

खरं सांगते, दाविदमामा दुष्ट नव्हता. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला मनापासून वाटत होतं की सही म्हणजे देवाला नाही म्हणणं. आणि फोनवरची मंडळीपण तेच म्हणत होती, "रिबकाबाई, धीर धर, धीर धर." तिची स्वतःची माणसं, जन्माची. ज्यांच्याबरोबर ती गायली, ज्यांनी तिच्या नवऱ्याला खांदा दिला.

आत्यानं फोन हातात घेतला आणि बंद केला.

मग ती प्रकाशच्या उशाशी गेली. त्याच्या कपाळावर हात ठेवला, पायावरची चादर बाजूला केली आणि नीट बघितलं. आम्ही कुणीच तसं बघू शकलो नव्हतो. सोळा वर्षं ऊस तोडलेली बाई ती. कुठलं कांडं चांगलं आणि कुठलं किडलेलं, हे तिला हात लावून कळायचं. डॉक्टर परत आले तेव्हा तिनं एकच विचारलं.

"साहेब, गुडघ्याखालून न्हाई का जमणार?"

"नाही मावशी. खालून काढला तर विष वर राहील, परत काढावा लागेल."

"मंग सडकं ठिवू नगा. जितवर चांगलं हाय तितवरच ऱ्हाऊ द्या."

दाविदमामा ओरडला, "रिबका!"

ती वळली. आवाज चढला नाही. "दादा, माझा भरवसा हाय म्हणून तर सही करते. भरवसा पायावर न्हवता ठिवला. आन् माझ्या भरवशाचा जोर बघायला देव माझ्या लेकराचा जीव टांगून ठिवील, असा देव मला ठावं न्हाई. तुला ठावं आसंल तर तू ठिव."

आत्याला लिहिता येत नाही हे मला माहीत होतं. पण सही येत होती. प्रकाश पहिलीत असताना त्यानंच तिला शिकवली होती, पाटीवर हात धरून. तिनं तो कागद घेतला आणि एकेक अक्षर सावकाश काढलं. रि. ब. का. खाली एक रेघ मारली, पोरानं शिकवलेली तशी. मी शेजारी उभी होते. मी पेशंटच्या नातेवाईकांच्या शेकडो सह्या आतापर्यंत बघितल्यात, पण त्या सहीसारखी कुठलीच नाही. कागदावर एकही अक्षर हललं नव्हतं.

प्रकाशला आत नेलं. ती बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले तर तिचं चालू होतं, दुपारच्या उन्हात, येणारीजाणारी माणसं बघतायत तरी. "माझं काम मी केलं. आता तुजं तू कर. आन् हे बघ, मी तुझ्यावर नाराज हाय. लई नाराज हाय. पण कुटं जात न्हाई मी, हितंच बसलेय." मग माझ्याकडं बघून, "दे गं च्या. साखर घातलीस का?"

प्रकाश वाचला.

तुम्हाला वाटेल झालं, गोष्ट संपली. नाही. अवघड तर त्याच्यानंतर होतं.

शुद्धीवर आल्यावर प्रकाशनं चादरीखाली हात घातला. मग विचारलं, "सही कुणी केली?"

"मी," आत्या म्हणाली.

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. आणि बोलायचा बंद झाला तिच्याशी. गावी आणलं तरी तेच. माझ्याशी बोलायचा, पप्पांशी बोलायचा, आईशी एक शब्द नाही. ती भाकर पुढं ठेवायची, तो खायचा, ताट सरकवायचा. जवळजवळ दोन महिने. वस्तीवर कुजबूज चालू होतीच. थांबली असती तर पाय वाचला असता, असं बायका हापशावर बोलायच्या, आत्या हंडा घेऊन आली की गप्प. दाविदमामानं तिच्या घरचा रस्ताच सोडला. मी सुट्टीत गेले की तिला विचारायचे, "आत्या, तुला राग नाही येत?" ती म्हणायची, "येतो की. रोज सकाळी येतो. भाकरी थापते मंग त्याच्यावर."

आणि दर रविवारी पहिल्या रांगेत. एकटी.

मग साक्षीचा रविवार आला. आमच्याकडं महिन्यातून एकदा कुणीही उठून सांगतं, देवानं माझ्यासाठी काय केलं. बरं झालेलं दुखणं, पास झालेलं पोर, सापडलेली शेळी, असं काहीपण. त्या दिवशी प्रकाश कुबड्या घेऊन पहिल्यांदाच चर्चला आला होता, शेवटच्या बाकावर. आणि आत्या उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, ही आता माफी मागणार. दाविदमामानं मान खाली घातली.

ती म्हणाली, "माझ्याकडं चमत्कार न्हाई सांगायला. देवानं पाय कावून जाऊ दिला, मी त्याला रोज इचारते. त्यो सांगत न्हाई. उद्या बी इचारीन. पण ज्या दिवशी मी सही केली, त्या दिवशी तुमी सगळे माझ्या इरुद्ध होता, आन् मी एकटी न्हवते. एवढंच मला ठावं हाय. ही माझी साक्ष." आणि बसली.

कुणी आमेन म्हणालं नाही. बाहेर कुणाचा तरी बैल घंटा वाजवत गेला तेवढाच आवाज.

परत जाताना मी त्या दोघांच्या मागंच होते. प्रकाश कुबड्यांवर, ती बाजूनं. अर्धा रस्ता झाला. मग तो एकदम म्हणाला, "आई, तुला खरंच ठावं न्हाई व्हय?"

"काय रे?"

"पाय कावून गेला ते."

"न्हाई बाबा."

"मला वाटलं तू म्हणशील, देवाची काय तरी योजना हाय म्हणून."

"मला त्यानं काय योजना दावली न्हाई. दावली आसती तर मी तितंच भांडले नसते का?"

आणि प्रकाश हसला. एवढा हसला की एक कुबडी निसटली, मी पळत जाऊन उचलली. हसता हसता तो रडायला लागला आणि म्हणाला, "मी तुझ्याशी बोलत न्हवतो, तर तू कावून गप ऱ्हायलीस? मला शिव्या द्यायच्या व्हत्या की."

"माझं बी चुकलंच हुतं रं. तुला फडात मीच नेलतं."

ती हे बोलली आणि थांबली. प्रकाशनं दुसरी कुबडीपण माझ्याकडं दिली आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. तसेच घरी गेले दोघं, लंगडत, एकमेकांचा तोल सांभाळत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाविदमामा तिच्या दारात हजर. बरोबर दोन लांब बांबू, पहार, फावडं. आत्याकडं बघितलंच नाही त्यानं. अंगणात खड्डे घेतले, खुंट रोवले, त्यांवर बांबू आडवे बांधले, दोन्हींच्या मधून माणूस धरून धरून चालेल असे. घाम पुसत म्हणाला, "पक्या, हिकडं ये बे. उंची बघ. कमीजास्त आसंल तर सांग, आत्ताच करतो." आत्यानं आतून पाण्याचा तांब्या आणला. त्यानं घेतला. तेवढंच.

मग बीडला एका शिबिरात प्रकाशला पाय मिळाला. नवीन पाय घेऊन तो त्या बांबूंच्या मधून सकाळ संध्याकाळ फिरायचा. बारावीचा फॉर्मपण भरला.

शेवटचं सांगते ते त्याच वर्षीच्या जूनमधलं. माझी हॉस्टेलला जायची जीप चर्चसमोर उभी होती, निरोप घ्यायला मी तिच्या अंगणात गेले. त्या दिवशी प्रकाश पहिल्यांदा बांबू सोडून चालत होता. अंगणाच्या त्या टोकाकडून आईकडं यायचं, वीस-पंचवीस पावलं. मी आत्याच्या मागं, कुडाजवळ उभी राहिले. सात-आठ पावलं आला आणि पडला. चांगला जोरात पडला, हनुवटी मातीला लागली.

दाविदमामा धावला. आत्या म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ दे."

आणि प्रकाशला म्हणाली, "ऊठ रे निवांत. घाई न्हाई." मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात.

तो हातांवर उठायचा प्रयत्न करतोय, परत घसरतोय, मान वर करून आईकडं बघतोय. त्याला समोरून दिसत असणार, आई आरामात उभी आहे. मला मागून दिसत होतं. तिचे दोन्ही हात पाठीमागं होते, पदराच्या आड. उजव्या हातानं तिनं स्वतःचंच डावं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली. ती स्वतःला धरून उभी होती, पुढं पळू नये म्हणून.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मी हलले नाही.

प्रकाशनं चांगला पाय पोटाखाली घेतला, गुडघा टेकला, एक हात मातीत रोवला आणि उठला. हेलपाटला, सावरला. एक पाऊल. दुसरं. शेवटी तिच्यासमोर येऊन उभा राहिला, हनुवटीला माती आणि थोडं रक्त, दम लागलेला.

आत्यानं हात पुढं आणले. मनगटावर चार बोटं लालभडक उमटली होती, ती तिनं पदरानं झाकली आणि त्याच पदरानं त्याची हनुवटी पुसली.

"चल," ती म्हणाली, "आता परत जा तिकडं. मी हितंच हाय."